बिनकोयंड्याचा निळा दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराचा नव्हे, घरापुढच्या लहानशा अंगणाचा. हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याजवळच्या खुर्सीपार वस्तीत, आमच्या गल्लीत मला 'आनंदरावचं निळं गेट' म्हणतात. मित्रांनो, ही गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. दरवाज्याचे काम उघडण्याचे आणि मिटण्याचे; बोलण्याची त्याला सवय नसते. शिवाय त्या दिवशी मी माझे तेवढेसे कामही नीट केले की नाही, याची मला अजून खात्री नाही. तरी सांगतो. कुठे चुकलो तर समजून घ्या.

आनंदराव पोलाद कारखान्यात वेल्डर होते. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी चार अँगल आणि अकरा सळया अंगणात मांडल्या आणि दिवस मावळायच्या आत मला उभे केले. त्यांचे वडील नत्थूजी बाजेवर बसून पाहत होते. कारखान्याचा पाया खणला जात होता तेव्हा ते भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून इकडे मजुरीला आले, ते इकडचेच झाले. मला बिजागऱ्या लागल्या, कडी लागली. मग आनंदराव कुलूप अडकवायचा कोयंडा जोडायला वाकले, तेव्हा म्हातारा बोलला.

"ते कावून लावून राहिला?"

"कुलूप लावाले, बाबा."

"नोको लावू. लहानपनापासून पाटलाच्या फाटकापुढं उभा राहिलो मी. काम मागाले गेलो तरी उभा, पानी मागाले गेलो तरी उभा. पानी देत तेही वरून, ओंजळीत. आपल्या दारी कोनाले उभं ठेवजो नोको. मानूस आला का आत घे, बसव, पानी दे. मंग विचार, कोन हायेस म्हनून."

कोयंडा तसाच राहिला. बरीच वर्षे तो मोरीपाशी गंजत पडला होता.

माझे चांगले दिवस पुष्कळ होते, मित्रांनो. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी आनंदराव मला घासून पुसून निळा रंग देत. कारखान्याकडून येणारी लाल धूळ माझ्यावर बसे, ती त्यांची बायको शालूबाई ओल्या फडक्याने पुसत. टपालवाला, गॅसवाला, वर्गणी मागणारी पोरे, रस्ता चुकलेला पाहुणा, कोणीही येवो, तो माझ्यापाशी थांबत नसे. त्याला आधी आत बोलावले जाई, स्टीलच्या पेल्यात पाणी मिळे आणि मगच नाव विचारले जाई. शेजारचे हेमराज दुकानदार गिऱ्हाइकांना हसून सांगत, "आनंदरावचं गेट म्हंजे नुसतं नावालेच गेट हाय." मला त्याचा राग येत नसे. उलट अभिमान वाटे.

मग नत्थूजी गेले. आनंदराव निवृत्त झाले. मुलगा रेल्वेत, सारखा बदलीवर. नात दीक्षा मात्र वकिलीच्या शिक्षणासाठी आजोबांकडे राहायला आली. शालूबाईंनी एका पावसाळ्यात गटाराच्या काठावरून एक भुरकट पिल्लू पदरात घालून आणले. त्याचे नाव भुऱ्या ठेवले. दीक्षाने त्याला लशीच्या सुया टोचून आणल्या, त्याचे कार्ड करून घेतले, लाल पट्टा आणला. भुऱ्याने मला आपले म्हटले. माझ्या खालच्या दोन सळयांमधून नाक बाहेर काढून तो गल्ली पाहत बसे. त्या सळयांवरचा रंग त्याच्या नाकाने झिजला आहे. आजही ते दिसते.

शालूबाईंना जाऊन दोन वर्षे झाली. त्यानंतर मला कोणी रंग दिला नाही. बिजागऱ्या गंजल्या, मला उघडताना दोनदा उचलून ढकलावे लागे. त्याचे मला काही वाटले नाही, कारण घरातच बोलणे उरले नव्हते. दीक्षा दिवसभर कॉलेजात. आनंदराव बोलत ते एकट्या भुऱ्याशी. "आज वांग्याची भाजी हाय गा, तुले आवडत नाही," असे काहीबाही. भुऱ्या कान उभे करून ऐके.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत एका बाईला मोकाट कुत्रे चावले. मग कुत्री पकडणारी गाडी वस्तीत फिरू लागली. ती कोणाची, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. आकडा भरायला पट्ट्याची कुत्रीही नेतात, असे हेमराज सांगत होते. त्या संध्याकाळी दीक्षा आजोबांना माझ्यापाशी घेऊन आली.

"आबाजी, कोनी आलं तं गेट उघडायचं नाही. आधी विचारायचं, तुम्ही कोन, कार्ड दाखवा. घरातून कुत्रा न्यायचा लेखी ऑर्डर आहे का? कुठं नेता ते लिहून द्या. कागद नसंल तर सीधा नाही म्हनायचं. हक आहे आपला."

"आन् तवरक त्याले बाहेरच उभं ठेवू?"

"हो, उभं ठेवायचं."

"तुह्या पणजोबानं आयकलं असतं तं..."

"पणजोबा कुत्तागाडीवाल्यासाठी नाही बोलले होते, आबाजी!"

आनंदराव कसनुसे हसले. दीक्षाने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'आधी कागद, मग कडी', आणि तो माझ्या आतल्या बाजूला तारेने बांधला. मग ती म्हणाली, "गेट किती अडकते हो, कधी घाईत लागलं तर?" दुसऱ्या दिवशी आनंदरावांनी माझ्या बिजागऱ्यांत तेल घातले. मला किती हलके वाटले! मित्रांनो, त्या तेलाची आठवण झाली की मला आता लाज वाटते.

चार दिवसांनी भर दुपारी गाडी आली. दीक्षाचा त्या दिवशी पेपर होता. ऊन असे की माझ्यावर हात ठेवला तर चटका बसेल. दोन माणसे उतरली. एकाच्या अंगावर खाकी शर्ट, दुसऱ्याच्या हातात तारेचा फास लावलेली काठी. गाडीवर काही लिहिलेले होते, पण चिखल वाळून ते झाकले गेले होते. भुऱ्या माझ्यापाशी येऊन भुंकू लागला. आनंदराव बाहेर आले.

"काका, अपना ही कुत्ता है?" खाकी शर्टवाल्याने विचारले.

"हां. सुई लगा हुआ है. कार्ड है उसका."

"अच्छी बात है. बस देखना है."

आनंदरावांनी पुठ्ठ्याकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले. "आप लोगों का... कोई कागज..."

"दिखाते हैं काका, सब दिखाते हैं. पहले पानी तो पिलाओ. ऐसी धूप में गेट के बाहर खड़ा रखोगे?"

मी आनंदरावांचा हात पाहत होतो. माझी कडी बाहेरून हात घालूनही निघते. त्या माणसांना ते दिसत होते. पण त्यांनी तिला बोट लावले नाही. ती आनंदरावांनी काढावी, म्हणून ते उन्हात उभे राहिले. तेवढ्या वेळात आनंदरावांनी 'नाही' म्हटले असते, तर कोणी आत येऊ शकत नव्हते, असे दीक्षा नंतर म्हणाली. पण उन्हात तहानलेला माणूस दाराबाहेर उभा आहे आणि आपण आतून कागद मागतो आहोत, हे आनंदरावांच्या हाताला जमण्यासारखे नव्हते. आधी त्यांनी भुऱ्याला ओसरीच्या खांबाला बांधले, पाहुण्यांना भीती वाटू नये म्हणून. मग कडी काढली. मी अडकलो नाही. जराही कुरकुरलो नाही. लोण्यासारखा उघडलो.

आनंदराव पाणी आणायला आत गेले.

पेले घेऊन बाहेर आले तेव्हा भुऱ्याच्या गळ्यात फास पडला होता. बांधलेला असल्यामुळे त्याला पळताही आले नव्हते. त्याला माझ्यातून ओढत नेले तेव्हा त्याने पुढचे दोन्ही पाय माझ्या खालच्या सळईत अडकवले. थोडा वेळ आम्ही दोघे मिळून ओढले गेलो. मग त्याचे पाय सुटले.

"अरे, पर कागज?" आनंदराव म्हणाले. दोन्ही हातांत पेले तसेच भरलेले होते.

"ऑफिस में मिल जाएगा."

"कौन से ऑफिस में?"

"आपने खुद गेट खोला है काका. हम कोई घुसे थोड़ी हैं."

आनंदराव कार्ड शोधायला कपाटाकडे धावले. कार्ड हातात घेऊन परतले तेव्हा गल्लीत फक्त धूळ होती.

दीक्षा आणि आनंदराव तीन दिवस फिरले. जुनवानीच्या ऑफिसात जा, कोहक्याच्या ऑफिसात विचारा, अशी उत्तरे मिळत. प्रत्येक ठिकाणी 'ती गाडी आमची नव्हे' असेच सांगत. चौथ्या दिवशी शहराबाहेरच्या पत्र्याच्या एका शेडमध्ये एका माणसाने त्यांच्या हातात लाल पट्टा ठेवला. गाडीतल्या उकाड्याने कुत्रे पहिल्याच दिवशी गेले, असे तो म्हणाला. त्याच्या वहीत लिहिले होते, 'सड़क से पकड़ा. लावारिस.'

हे सारे मला कळले ते दोघे परतल्यावर माझ्यापाशीच थांबले म्हणून. आनंदरावांना आत जाववत नव्हते.

"मीच उघडलं," ते म्हणाले. "पुठ्ठा वाचला बी. पन बाबाचं तोंड डोयापुढं आलं. पाटलासारखं आतून पाहाले मले नाही जमलं, पोरी."

दीक्षा रागावेल असे मला वाटले होते. तिने भुऱ्याने झिजवलेल्या सळयांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "आबाजी, पाटील कमी लेखायसाठी उभं ठेवत होता. विचारनं म्हंजे ते नाही. कोन आहेस म्हनून विचारनं... त्यानं तर समोरच्याले आपन मानूसच मोजतो ना."

 पुढच्या रविवारी आनंदरावांनी ओळखीच्या दुकानातून वेल्डिंगचे मशीन आणले. डोळे अधू झालेले, हाताची सवय मोडलेली. दीक्षाने मला घट्ट धरून ठेवले. मोरीपाशी पडलेला तो जुना कोयंडा त्यांनी घासून मला जोडला. मला वाटले, काम झाले. पण ते थांबले नाहीत. माझ्या बाहेरच्या बाजूला, भिंतीला धरून, त्यांनी लोखंडी पट्ट्यांचे एक बाकडे बसवले. त्यावर पत्र्याची सावली केली. शेजारी पाण्याचा माठ आणि साखळीने बांधलेला पेला ठेवला. "आता कोनी उभं नाही राहनार," ते म्हणाले. वेल्डिंगची रेघ वाकडीतिकडी आली आहे. आयुष्यात त्यांनी इतके वाईट काम केले नसेल.

परवा एक बाई आल्या, हातात फाइल. आनंदराव आतूनच म्हणाले, "बसा, बाई. पानी प्या. कोन तुमी? कार्ड दाखवा."  बाई सावलीत बसून पाणी प्यायल्या आणि त्यांनी कार्ड माझ्या सळयांमधून आत दिले. त्यांना मुळीच राग आला नाही. आनंदरावांनी चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा वाचले. मग कुलूप काढले, कडी काढली. बाई अंगणात आल्या. भुंकायला कोणी नव्हते.

लाल पट्टा आता माझ्या तिसऱ्या सळईला बांधला आहे. वारा आला की त्याचे बक्कल माझ्यावर वाजते.

मित्रांनो, तुमच्याही घराला माझ्यासारखा कोणी असेल. त्याला रंग द्या, तेल घाला, तो तुमची सेवा करील. तुमच्याकडे एखादा मुका जीव असेल तर त्याचे कार्ड कपाटात नको, दाराजवळच्या खिळ्याला टांगा. आणि कोणी त्याला न्यायला आले तर प्रेमाने बसवा, पाणी द्या, पण आधी विचारा. सगळ्यांना मी अडवीन असे समजू नका. मी लोखंड आहे. जो कोणी कडी काढील त्याच्यासाठी मी उघडतो. मला 'थांबा' म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावे लागते.