सावलीने अडलेली होडी

पडद्यावरची होडी अडली आणि खोलीतल्या अकरा माणसांनी एकदम श्वास रोखला.

होडी खरी नव्हती, संगणकाच्या खेळातली होती. अर्धांगाच्या झटक्याने हात लुळा पडलेल्या माणसाने रबरी चेंडू दाबायचा, चेंडूची वायर लॅपटॉपला, लॅपटॉपची भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला. दाब पडला की होडी पुढे. नुसत्या व्यायामाचा माणसाला कंटाळा येतो, खेळाचा येत नाही, हे हेरून फिजिओ मॅडमनी ही युक्ती केली होती. आता तीच होडी भर नदीत उचक्या देत उभी होती. चेंडू दाबा नाहीतर पिळा, ती जागची हलेना.

"पाहिलंत?" कंपनगुरू डोळे मिटून म्हणाले. "ती आत आली आणि गती गेली."

ती म्हणजे या फिजिओथेरपी केंद्रातली सफाईवाली. मान खाली घालून ती गाद्यांवरून व्हॅक्यूम फिरवत होती. रोज अकराला फिरवायची तसाच.

"बाई, आता बाहेर व्हा," गुरू म्हणाले.

तिने आवराआवर केली, व्हॅक्यूम ओढत बाहेर गेली, आणि होडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. टाळ्या पडल्या. ज्यांचा एकच हात चालत होता त्यांनी मांडीवर थापा मारल्या.

कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या टेलरकाकूंनी मात्र काही वाजवलं नाही. चाळीस वर्षं गल्लीभराचे कपडे शिवलेल्या या बाईचा उजवा हात चार महिन्यांपूर्वी लुळा पडला होता, पण मांडीवर थाप मारण्याइतका डावा धडधाकट होता. त्यांना शिसारी आली होती. भूत बाईच्या अंगात येतं हे त्यांनी ऐकलं होतं; बाईचं भूत लॅपटॉपच्या अंगात येतं, ही सुधारणा नवीन होती.

गुरूंनी कारण समजावून सांगितलं. हा गुरू मूळचा संगणक दुरुस्त करणारा. दीड महिन्यापूर्वी चेंडू ओळखला जाईना म्हणून मॅडमनी त्याला बोलावलं होतं, तेव्हा तो नुसता मेकॅनिक होता. दोन तास इथेच बसून चेंडू चालू करून गेला. पुढच्याच आठवड्यात होडी अडायला लागली, आणि पुन्हा बोलावलं तेव्हा तो गळ्यात तांब्याची चकती घालून आला.

"तुमची ही लिनक्स प्रणाली उघडी आहे," गुरू म्हणाले. "कुणीही आत डोकवावं, कुणीही बदलावं. कडी नाही, कुलूप नाही. त्यात हा खेळ दुसऱ्या प्रणालीसाठी लिहिलेला, इथे मध्ये दुभाष्या घालून चालवलेला. म्हणजे परक्या घरातला पाहुणा. काही देहांतून मंद कंपनं निघतात, ती पाहुण्याला बाधतात."

"म्हणजे क्वांटम पातळीवर," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचा डावा हात अधू होता; डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. "मी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. हे शक्य आहे."

"आपण सुशिक्षित आहात, आपल्याला लगेच कळलं."

मुख्याध्यापक एवढे फुलले की त्यांनी तिथल्या तिथे तांब्याची एक चकती स्वतःसाठी आणि एक सुनेसाठी घेतली.

फिजिओ मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. मुलगी शहाणी होती, पण दमली होती. तिने दुभाष्या बदलून पाहिला, खेळ पुसून पुन्हा घातला, चित्रांचा ड्रायव्हर नवा घातला. प्रत्येक वेळी दुपारी तपासायची तेव्हा होडी पळायची, आणि दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा अडायची.

"सोमवारपासून दुसरी बाई बघते," मॅडम जमिनीकडे बघत म्हणाल्या. "पेशंट घाबरतात. काय करू?"

काकू काठी टेकत बाहेर आल्या. सफाईवाली जिन्याखाली फडकी पिळत होती.

"सोमवारपासून येऊ नको म्हणाल्या तर जाशील?"

"जाईन की. त्यांचं खरंच असेल, काकू." तिने फडकं झटकलं. "मी गेले की होडी चालते, मीच बघते ना रोज. आता घरी पोरीची वेणी घालायलाही हात धजत नाही. तिची परीक्षा आहे. म्हटलं, माझं काही तिच्या डोक्याला लागायला नको. शेजारीण घालून देते."

खोलीत जे झालं त्यावर काकूंना निदान हसता येत होतं. यावर हसता येईना.

"माझं शिलाई मशीन अडलं की मी आधी पिन बघायचे, मग पट्टा, मग सुई," काकू म्हणाल्या. "देव शेवटी. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत जावंच लागायचं नाही. तू आत येतेस, मग काय काय करतेस? क्रमाने सांग."

"काय करणार? चपला काढते. खिडकी लावते. मग व्हॅक्यूमची पिन लावते—"

"कुठे?"

"त्या कोपऱ्यातल्या बोर्डावर. तिथे दोनच जागा आहेत. एकीत पडदा, एकीत लॅपटॉप. मग लॅपटॉपची काढून व्हॅक्यूमची लावते, आणि झालं की त्याची परत लावते. विसरत नाही हं, काकू. आणि तो काही बंद पडत नाही, बॅटरीवर चालतो."

काकूंनी काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसल्या. महिनाभर अख्ख्या केंद्राने या बाईबद्दल विचारलं होतं. या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी पावणेअकराला सगळे जमले. गुरू निरोपाच्या शुद्धीकरणाला आले होते, नव्या चकत्यांची पिशवी घेऊन.

"महाराज, मला कमी कळतं," टेलरकाकू म्हणाल्या. "एकदा खात्री करून द्या. पोरी, रिकाम्या हाताने आत ये. लॅपटॉपला टेकून उभी राहा."

ती दारातच थबकली. काकूंनी डाव्या हाताने तिला ओढून आणली. मुख्याध्यापकांनी चेंडू दाबला. होडी पळाली. ती उभीच राहिली, होडी पळतच राहिली, काठावरचं बदक मागे पडलं.

"आज कंपनं सुप्त आहेत," गुरू म्हणाले.

"असतील. रविवारी सुट्टी होती. आता तू बाहेर जा गं, पार फाटकापर्यंत. सर, तुम्ही उठा. लॅपटॉपची पिन काढा आणि व्हॅक्यूमची लावा."

"मी?"

"तुमची कंपनं तर शुद्ध आहेत. परवाच चकती घेतलीत."

शेजारच्या पेशंटने चेंडू दाबत ठेवला आणि सरांनी पिन बदलली. व्हॅक्यूम घरघरला. होडीने एक उचकी दिली, मग दुसरी, आणि सरांच्याच डोळ्यांसमोर नदीत खिळली.

फिजिओ मॅडम एकदम पुढे झाल्या. लॅपटॉपच्या सेटिंगच्या फाइली त्यांनी उघडल्या. उघड्या प्रणालीत त्या साध्या अक्षरांत असतात, वाचायचा कंटाळा नसला की झालं. तिसऱ्या फाइलीत त्या थांबल्या.

"चार्जर काढला की वेग अगदी किमान ठेवायचा, असं इथे लिहिलंय. हे मी लिहिलेलं नाही." त्यांनी फाइल बदलल्याची तारीख मोठ्याने वाचली. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "तुम्ही चेंडू दुरुस्त करायला आलात तो दिवस. वेळ अकरा वाजून वीस मिनिटं. तेव्हा सफाईची बाई इथेच व्हॅक्यूम फिरवत होती, आणि लॅपटॉप तुमच्या मांडीवर होता."

"बॅटरी जपण्यासाठी केलं असेल," गुरू म्हणाले. आवाजातली शाल कुठेतरी गळून पडली होती. खालचा मेकॅनिक दिसत होता.

"मग सांगायचं होतं. बाईच्या अंगावर का ढकललंत?"

गुरूंनी चकत्यांची पिशवी उचलली. जाता जाता म्हणाले, "कंपनं वायरीतूनही वाहतात."

आणि खरं सांगतो, मुख्याध्यापकांची मान अर्धी हलली. टेलरकाकूंनी त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की ती तिथेच थांबली, होडीसारखी.

"सर, तुम्ही पोरांना काय शिकवलंत ते तुमचं तुम्हाला माहीत," काकू म्हणाल्या. "मला एवढंच माहीत आहे. कपडा बसला नाही तर शिंप्याने गिऱ्हाइकाच्या अंगाला नावं ठेवू नयेत. माप पुन्हा घ्यावं. एक गोष्ट बदलून बघावी, मग दुसरी. आणि जो कपड्याशी रोज वावरतो त्याला विचारावं, कुठे टोचतंय. एवढं केलं की कुणाच्या सावलीला फाशी द्यावी लागत नाही."

मॅडमनी फाइलीतली ती ओळ पुसली आणि खोलीसाठी जादा जागांचा लांब बोर्ड मागवला. सफाईवालीची माफी त्यांनी तिच्या तोंडावर मागितली. मुख्याध्यापकांनीही मागितली, पण खिडकीकडे बघून.

ती फाटकावरून आत आली तेव्हा काकूंनी तिला सगळं दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तिने ऐकलं, दुसऱ्यांदा तिला पटलं. तिने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, साबणाने भेगाळलेले.

"म्हणजे वेणी घालू?"

"दोन घाल," टेलरकाकू म्हणाल्या, आणि चेंडू उजव्या हातात घेऊन दाबायला बसल्या. होडी वीतभर सरकली. ती त्यांच्याच जोराने सरकली होती, दुसऱ्या कशानेही नाही.