वर घातलेलं पान

“हात खिशातून काढ,” मी म्हटलं.

“नंतर.”

“नंतर कधी? पत्ते काय पायानं पिसणार?”

चंदूनं माझ्याकडे असं बघितलं, की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी गप्प बसले असते. पण आज रविवार होता, आणि मासळीवालीचा रविवार म्हणजे काय ते मासळीवालीलाच विचारा. लालबागच्या बाजारातली भरली पाटी सासूच्या गळ्यात मारून मी नवऱ्याला दादरच्या या पहिल्या मजल्यावरच्या पत्त्यांच्या दुकानात आणलं होतं. निघताना सासूच्या, काशीबाईच्या, तोंडाचा पट्टा चालूच होता, “आयतवारी पाटी सोडून पत्ते? जुगार हाय काय गो, अक्षदा?” नाही म्हणून मी गळ्याची शपथ घेतली. तसा तो जुगारच होता. फक्त पैशांचा नव्हता.

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या आणि पहिल्याच फेरीत, जाळं ओढायच्या विंचमध्ये, चंदूच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. तेव्हापासून हा माणूस घराबाहेर पडला नाही. वरळी कोळीवाड्यात जन्म गेलेला, दाराशी समुद्र, आणि हा खिडकी लावून बसायचा. कोणी भेटायला आलं की हात उशीखाली. मी समजावून दमले, भांडून दमले, रडूनसुद्धा दमले.

मग होळीच्या साफसफाईत माळ्यावरून त्याचा शाळेतला पत्र्याचा डबा खाली आला. आत पत्ते होते. राजा-राणीचे नव्हेत, चित्रांचे, लढाईच्या खेळाचे. शाळेत असताना मधल्या सुट्टीत डबा न खाता पोरं हेच खेळत बसायची म्हणे. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी माझ्या नवऱ्याचे दात बघितले.

खेळ अजून चालतो, हे त्याला मोबाइलवर कळलं. पण नव्या पत्त्यांचे भाव बघून मी कपाळाला हात लावला. “एका पत्त्याला एवढे? एवढ्यात पापलेटची पाटी येते!”

“म्हणून तर बोंबील जमवायचे,” तो म्हणाला.

म्हणजे लोक ज्यांना विचारत नाहीत, असे चिल्लर पत्ते. चंदूनं छोट्या होड्यांचे घेतले. एकेक होडी दुबळी. पण ‘लाइटहाउस’ नावाचं एक जुनं पान टेबलावर पडलं, की सगळ्या होड्यांचं बळ दुप्पट होतं. डब्यात ते एकच होतं, शाळेपासूनचं, कोपरा दुमडलेलं. चाळीस पत्त्यांचा त्याचा सगळा डेक त्या एका पानावर उभा होता.

“एकदा जाऊन खेळतो,” तो म्हणाला होता. “जमलं तर पुढचं बघू. पण लोक हाताकडेच बघत बसले, तर परत मला बाहेर काढायचं नाव घ्यायचं नाही.” मी कबूल झाले होते. काय करणार?

तर आता आम्ही दुकानात. लांब टेबलं, कॉलेजची पोरं, ऑफिसातली माणसं. डेकमध्ये दोन होड्या अजून कमी होत्या. खेळ सुरू होण्याआधी लोक आपसात पत्ते बदलून घेतात, पण चंदूला हात दाखवायचा नव्हता, म्हणून त्यानं मला पाठवलं. फालतू पत्ते माझ्या हातात दिले, आणि त्यांच्यावर लाइटहाउस ठेवलं. “याचं प्लास्टिकचं कव्हर फाटलंय गो, नवीन घाल.”

उन्मेष नावाच्या एका चष्मेवाल्याकडे होड्या होत्या. चांगला माणूस, चाळिशीचा, बँकेतला. त्यानं उठून मला खुर्ची दिली. मी दोन होड्यांच्या बदल्यात आमचा ड्रॅगन देऊ केला.

“ताई, ड्रॅगन जरा मळलाय हो.”

“मळला म्हणून काय झालं, दादा? माल ताजा आहे!”

तो हसला, पण मागेपुढे करत राहिला. गिऱ्हाईक असं अडलं की मासळीवाली काय करते? वर घालते. वाट्यावर दोन बोंबील जास्तीचे टाकले की सौदा तुटत नाही. “बरं, वर एक घालते,” मी म्हटलं आणि हातातलं सगळ्यात वरचं पान त्याच्या पुढ्यात टाकलं. बघितलंसुद्धा नाही. इतकी वर्षं हात हेच करतोय, तो डोक्याला विचारत नाही. उन्मेषनं दोन होड्या मला दिल्या, पान फायलीत सरकवलं आणि फाइल मिटली.

चंदूशेजारी बसून मी पत्त्यांना कव्हरं घातली आणि मोजले. एकोणचाळीस! पुन्हा मोजले. लाइटहाउसच नव्हतं. वर घातलेलं पान तेच होतं. काय करून बसले मी!

“झाले?” चंदूनं विचारलं.

तेवढ्यात दुकानातली किर्ती ओरडली, “ज्याचे चाळीस नसतील तो बाद! जोड्या सांगतेय. चंदू आणि उन्मेष, खिडकीजवळचं टेबल.”

म्हणजे ते पान त्याच माणसाकडे! मागायला एक वाक्य पुरलं असतं. पण चंदूचे पाय आधीच जिन्याच्या दिशेला होते. मी तोंड उघडलं असतं तर त्याला निमित्तच हवं होतं, तो उठून गेला असता, आणि मग कायमचा गेला असता. फालतू पत्त्यांत एक बेडूक होता, कुठल्याच कामाचा नाही असा. तो मी डेकमध्ये खुपसला.

“झाले,” म्हटलं.

मी मागे उभी राहिले. “बघणाऱ्यांनी बोलायचं नाही हं,” किर्तीनं बजावलं.

आणि चंदूला हात खिशातून काढावाच लागला.

शेजारच्या टेबलावरची दोन पोरं खेळायची थांबली. उन्मेषनंही क्षणभर बघितलं, मग तो स्वतःच्या पत्त्यांत डोळे घालून बसला. चंदू डाव्या हातानं पत्ते पिसत होता, उजव्याच्या अंगठ्यानं नि करंगळीनं दाबून धरत होता. एक पान खाली पडलं. त्याचं त्यानं वाकून उचललं.

डाव चढत गेला. उन्मेषचे राक्षस एकेक करून होड्या बुडवत होते. चंदू शांत होता. का शांत होता ते मलाच ठाऊक, तो लाइटहाउसची वाट बघत होता. आणि मी देवी एकविरेला सांगत होते, आई, त्याला वाटच बघत राहू दे.

देवीनं ऐकलं नाही. चंदूच्या हातात एक पान आलं, आणि त्याचा चेहरा उजळला. “शोध,” त्यानं ते टेबलावर ठेवलं. म्हणजे डेक उघडून हवं ते एक पान शोधून घ्यायचं.

त्यानं पत्ते पसरले. एकदा बघितले. दुसऱ्यांदा सावकाश, एकेक करून. बेडकापाशी त्याचा अंगठा थांबला.

मग मान वळवून त्यानं माझ्याकडे बघितलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, त्यात त्याला काय कळायचं ते कळलं. आता खुर्ची सरकणार, मला वाटलं. संपलं सगळं.

खुर्ची सरकली नाही. चंदू टेबलाकडे वळला, साधी एक होडी काढली आणि म्हणाला, “हिला घेतो.”

“नक्की?” उन्मेषनं विचारलं.

“नक्की.”

त्यापुढे तो जे खेळला, ते मला सांगता यायचं नाही. दुबळ्या होड्या, एकीच्या आडून दुसरी, एक बुडवून दोन वाचवायच्या. ती शेजारची पोरं उठून आमच्या टेबलापाशी आली. “अंकल, ती मागची पुढे घ्या!” एक ओरडला, आणि किर्तीनं त्याला दटावलं. कोणी हाताकडे बघत नव्हतं. सगळे होड्यांकडे बघत होते.

चंदू हरला. थोडक्यात हरला, पण हरला.

उन्मेषनं हात पुढे केला. चंदूनं उजवाच दिला.

मग मला राहवेना. “दादा, ते मी वर घातलेलं पान...”

उन्मेषनं फाइल उघडली, पान बघितलं, चंदूच्या होड्यांकडे बघितलं आणि बिचारा लालबुंद झाला. “अहो, मला काय माहीत! घ्या, घ्या ना.”

चंदूनं ते हातात घेतलं. मला विचारलं, “वर घातलं होतंस?”

“हो रे.”

“मग परत कसं घ्यायचं?”

आमच्यात घेत नाहीत. गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर पडलेला बोंबील काशीबाईनं जन्मात परत काढला नाही. दुमडलेला कोपरा चंदूनं अंगठ्यानं दोनतीनदा सरळ केला आणि पान उन्मेषच्या फायलीत घालायला लागला. ते पटकन जाईना. उन्मेष फाइल स्थिर धरून बसला.

खाली रस्त्यावर आल्यावर मी हुंदके देऊन रडले. “शिव्या तरी घाल रे मला!”

“घालीन. आधी आईकडे चल, एकटी असेल पाटीवर.” थोडं चालल्यावर म्हणाला, “आता त्या पानाशिवाय जमवायला लागेल.”

लालबागला पोचलो तेव्हा बाजार उठायला आला होता. लेकाला बघून काशीबाईच्या तोंडाचा पट्टा बंदच पडला. एक बाई बोंबलांचा वाटा घेऊन उभ्या होत्या. “वर एक घाला की हो,” त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केला, पण चंदू आधीच वाकला होता. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत त्यानं पाटीतला बोंबील धरला. तो बुळबुळीत, निसटून खाली पडला. चंदूनं परत उचलला.

बाई पिशवी उघडी धरून थांबल्या.