असिधराचा मुक्काम

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. जुन्या यंत्राच्या आराखड्यावर ट्रेसिंग पेपर अंथरायचा, हवे तेवढे भाग बदलायचे आणि उरलेले तसेच गिरवायचे, हे तिथले नित्याचे काम. डोंबिवलीच्या घरी संध्याकाळी मी जादूच्या कादंबऱ्या लिहीत असे, त्याही याच रीतीने. ठाण्याच्या एका चित्रगृहात रविवारी सकाळी परदेशी चित्रपट लागत. अमेरिकी घोडेस्वारांचा पिस्तुलांचा सामना मी भर दुपारच्या मंत्रयुद्धात बदलला. जपानी चित्रपटांतला, धनी गमावलेला तलवारबहाद्दर तसाच उचलला आणि त्याच्या तलवारीत एक यक्ष कोंडला. त्या तलवारबहाद्दराचे नाव ठेवले असिधर. प्रत्येक पुस्तकात तो एका अनोळखी गावात येई, राक्षसाला मारी आणि मावळतीकडे निघून जाई.

१९८८ साली मी निवृत्त झालो. गुडघे त्याआधीच झाले होते. पाचवे पुस्तक लिहिताना असिधराला पुन्हा घोड्यावर चढवणे माझ्या जिवावर आले. त्याला या पुस्तकातल्या गावातच ठेवायचे, म्हणजे आम्हा दोघांनाही थांबता येईल, असे मी ठरवले.

कल्याणचे प्रकाशक तानाजीराव हस्तलिखितासाठी आले, तेव्हा मी त्यांना हे सांगितले.

"थांबतो? अहो, तो थांबला तर दिवाळीला मी काय विकू? आधीच घरोघरी व्हिडिओ आलाय."

"तो दमलाय, तानाजीराव."

"तो कसला दमतोय! तुम्ही दमलात. गोळ्या घ्या, पण त्याला घोड्यावर बसवा."

पुढच्या रविवारी येतो, असे बजावून ते गेले.

मी त्याच्या थांबण्याला कारण शोधत राहिलो. राजकन्येशी लग्न लावून पाहिले, पाय मोडून पाहिला. दोन्ही वरून चिकटवल्यासारखे दिसले. थांबण्याचा भाग मूळ आराखड्यांत नव्हताच, त्यामुळे तो बसवायला कुठे खाच सापडेना.

माझी पत्नी मालन प्रत्येक हस्तलिखित वाचत असे. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, या माणसानं इतकी गावं वाचवली. एकानंही त्याला 'जेवून जा' म्हटलं नाही?"

"वेशीपर्यंत दिवे घेऊन येतात ना सगळे."

"दिवे खायचेत का त्यानं? आपल्याकडे मीटर बघायला आलेल्यालाही चहा विचारतात. कुठली म्हणायची ही माणसं?"

कुठली, ते मला ठाऊक होते. त्या चित्रपटांत कोणी विचारत नव्हते, म्हणून माझ्या गावांतही कोणी विचारले नव्हते. नावे, वेश, शस्त्रे मी बदलली होती. हे मात्र तसेच गिरवले गेले होते.

त्याच संध्याकाळी मी शेवट लिहिला. राक्षस पडल्यावर एक म्हातारी असिधराला म्हणते, "घोडा बांध. हातपाय धू." तो प्रथमच कमरेची तलवार काढून भिंतीला टेकवतो. भाकरी आणि सुकटीची चटणी खातो. म्हातारी घोंगडी अंथरते आणि तो झोपतो. तिथे मी लेखणी ठेवली.

रविवारी तानाजीरावांनी शेवटचे पान उभ्यानेच वाचले. "चांगलं आहे. छापतो," एवढेच म्हणाले. मला नवल वाटले.

पुस्तक आले, तेव्हा उलगडा झाला. शेवटी दुसऱ्याच कोणाकडून लिहून घेतलेली एक ओळ छापली होती: 'पहाटे असिधर घोड्यावर बसला आणि मावळतीकडे निघाला.'

भांडायला कल्याणपर्यंत जाण्याचे त्राण माझ्यात नव्हते. पुढचे पुस्तकही त्याच माणसाकडून लिहून घ्या, असा निरोप पाठवला आणि ते पान मालनपुढे धरले.

"निदान जेवून, झोपून तरी गेला," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यांसाठी तेल कोमट करायला उठली.