फॉल्टची वही

"अकरा वर्षांत एकसुद्धा फॉल्ट नाही?" साहेबांनी वही उलटसुलट करून पाहिली, जणू काही ह्यांनी सगळे फॉल्ट मागच्या पुठ्ठ्यात दडवून ठेवले होते.

"नाही, साहेब," आमचे हे म्हणाले.

"मग तुम्ही इथे दिवसभर करता काय?"

आता अशा वेळी तरी माणसानं तोंड उघडावं की नाही? पण नाही. हे जरा विचारात पडले आणि म्हणाले, "तसं काही विशेष नाही."

मी जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होते. तो डबा ह्यांच्याच डोक्यात घालावा, असं मला वाटलं.

आमच्या घरामागच्या टेकाडावर ब्रॉडबँडची एक खोली आहे. साऱ्या गावाचं इंटरनेट त्या खोलीतून येतं. वीज गेली की खोली चोवीस बॅटऱ्यांवर चालते, आणि त्या दमल्या की एका म्हाताऱ्या जनरेटरवर. ह्या सगळ्यांचे आईबाप म्हणजे आमचे हे. सकाळी बॅटऱ्यांना पाणी पाजायचं, त्यांची टोकं पुसायची, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. ऑफिसकडून आलेली जेली संपली की माझी डबी उचलायची. माझ्या टाचांना भेगा पडल्या, पण बॅटऱ्यांची टोकं कशी गुळगुळीत.

जनरेटरचं दुखणं वेगळं. त्याच्या डिझेलच्या पाइपात कुठून तरी हवा शिरते. पंपाचा छोटा दांडा तीसेक वेळा दाबून ती काढली, तरच तो चालू होतो. ह्यांनी तीन वर्षांत सहा वेळा नवा पाइप मागितला. सहाही वेळा उत्तर आलं, की तुमच्या वहीत एकही फॉल्ट नाही, तेव्हा पाइपाची गरज दिसत नाही.

साहेबांनाही तेच दिसलं. महिनाअखेर खोलीत एक यंत्र बसणार होतं. ते सगळी खबर परस्पर मुख्य ऑफिसला कळवणार, म्हणून ह्यांची जागा रद्द. फक्त शेवटचा शेरा द्यायला गुरुवारी दुपारी मोठ्या इंजिनीयर बाई येणार होत्या.

"दाजी, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," माझा भाऊ म्हणाला. ह्याला सगळे सल्लागार म्हणतात, कारण दुसरं काही करताना त्याला कोणी पाहिलेलं नाही. "तुम्ही लाइन कधी पडूच देत नाही. मग तुमची किंमत कळणार कशी? गुरुवारी वीजवाले दुरुस्तीला अकरा ते पाच वीज बंद ठेवतात. बॅटऱ्या किती टिकतात?"

"चार तास."

"म्हणजे तीनला राम म्हणणार. तुम्ही पोट बिघडल्याचा अर्ज द्या आणि घरी बसा. बाईंच्या डोळ्यांदेखत लाइन पडू दे. बघा, पाया पडत येतील."

"मुद्दाम पाडायची?" ह्यांनी असं विचारलं, की जणू भावानं कोणाचा खून करायला सांगितला होता.

खरं सांगते, मीच भरीला घातलं. नोकरी गेली तर ह्या वयात ह्यांना दुसरीकडे कोण घेणार? मी शपथ घातली, अर्ज लिहून घेतला आणि गुरुवारी सकाळी खोलीची चावी माझ्या कमरेला खोचली.

अकराला वीज गेली. हे दारासमोर खुर्ची टाकून बसले ते बसलेच. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग टेकाडाकडे. पायात बूट, नाड्यासुद्धा बांधलेल्या. घरात बूट घातलेले मला मुळीच खपत नाहीत, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

अडीचच्या सुमाराला दवाखान्यातली नर्स लगबगीनं दारावरून चालली होती. ह्यांना पाहून थबकली.

"तीन वाजता एका आजींना शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना पडद्यावर दाखवायचंय," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी वेळ मिळालीय. वीज नाही म्हणून त्यांची मुलगी घाबरली. मी म्हटलं, अगं, लाइन जात नाही आपल्याकडे. ते आहेत ना."

ती गेली. ह्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. बोलले असते तर मी भांडले असते. पण अर्ज तर गेलेला. पोट बिघडलेला माणूस टेकाडावर धावत आला असता, तर नोकरीबरोबर अब्रूही गेली असती.

"मी जरा भाजी घेऊन येते," मी म्हटलं आणि पिशवी न घेताच निघाले.

खोलीच्या पायरीवर एक बाई बसल्या होत्या. साधे कपडे, पायांवर धूळ, हातात शेंगदाण्याची पुडी. मोठ्या बाई म्हणजे गाडी आणि मागेपुढे दोन माणसं, अशी माझी समजूत. ही कोणी तरी लाइनची तक्रार घेऊन आलेली दिसतेय, असं वाटलं.

"सरा हो बाजूला," मी कुलूप काढत म्हटलं. "आणि बसल्याच आहात तर आत येऊन जरा हा टॉर्च धरा. माझे हात दोनच आहेत."

त्या मुकाट्यानं आत आल्या आणि टॉर्च धरून उभ्या राहिल्या. मी दांडा दाबायला लागले. एक, दोन, तीन...

"तुम्हाला हे येतं?" त्यांनी विचारलं.

"न येऊन करते काय? आमचे हे झोपेतसुद्धा हेच बडबडतात. आधी हवा काढ, मग तीसपर्यंत मोज, मग किल्ली. अकरा वर्षं ऐकतेय. जरा खाली धरा हो टॉर्च."

"पाइप का नाही बदलत?"

"सहा वेळा मागितला. ऑफिसातल्या शहाण्यांना कोण सांगणार? म्हणतात, फॉल्ट नाही तर पाइप कशाला."

किल्ली फिरवली. जनरेटर दोनदा खोकला आणि सुरू झाला. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. बाईंनी पुडी खाली ठेवली, मीटरवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "बॅटऱ्यांत चार मिनिटं उरली होती. मी मुख्य ऑफिसातून आलेय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"फॉल्टची वही कुठे आहे?" त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "लिहा. माणूस जागेवर नव्हता, जनरेटर उशिरा सुरू झाला. तुमच्या पाइपाचंही लिहा."

सगळा खटाटोप ह्याचसाठी तर होता. वहीत एक ओळ पडली असती, तर भावाचं म्हणणं खरं झालं असतं. पण मला ते पेन काही हातात धरवेना.

"लाइन गेली का?" मी विचारलं.

"नाही."

"मग फॉल्ट कसला?" मी वही मिटून फळीवर ठेवली.

बाईंनी पेन परत खिशात ठेवलं. मग म्हणाल्या, "पोट कसं आहे त्यांचं?"

"चांगलं आहे. बिघडलंच नव्हतं," मी म्हटलं. आता लपवण्यासारखं उरलं होतं काय?

"पाइप मी पाठवते," त्या म्हणाल्या. "जागेचं माझ्या एकटीच्या हातात नाही. पण इथे माणूस लागतो, असं लिहीन."

घरी आले तेव्हा हे तसेच खुर्चीत होते.

"हवा पुरती निघाली नव्हती," हे म्हणाले. "दोनदा खोकला."

महिनाअखेर यंत्र बसलं. त्याबरोबर खोक्यात पाइप होता, आणि एक पत्र. माणूस ठेवणार होते, पण अर्ध्या पगारावर, सकाळी आठ ते बारा. हे आधी पाइपच उलटापालटा करून बघत बसले. पत्र दोनदा वाचलं.

"वीज तर दुपारी जाते," हे म्हणाले. "त्यांना माहीत नाही वाटतं."

भाऊ जेवायला आला होता. त्यानं सांगितलं, की बारा म्हणजे बारा, दाजी, एक मिनिटही जास्त नाही. ह्यांनी मान डोलावली, हात धुतले आणि दारात बसून बुटांच्या नाड्या बांधायला लागले.

"अर्ध्या पगारात पूर्ण दिवस? ताई, तू तरी सांग ह्यांना," भाऊ म्हणाला.

सांगणारच होते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी उठले, खुंटीवरची चावी काढून ह्यांच्या हातात दिली, आणि फळीवरची माझी जेलीची डबीही.