पद्माबाईंची कोरडी खुर्ची

मित्रांनो, माझी ओळख करून दिली की आधी तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसून घ्या. मी एक जुनी खुर्ची आहे, पण बैठकीतली नव्हे आणि ऑफिसातलीही नव्हे. माझ्या बसायच्या जागेच्या मधोमध भोक आहे आणि त्याखाली झाकणाची एक बादली बसते. ज्यांना संडासापर्यंत चालत जाता येत नाही, त्यांच्या पलंगाजवळ मी उभी असते. दुकानदार मला कमोड चेअर म्हणतात. घरातली माणसं तर माझं नावच घेत नाहीत. 'ती आण', 'ती सरकव', 'पाहुणे आले, तिच्यावर चादर टाक', असंच माझ्याबद्दल बोललं जातं. चादरीखालून मी पुष्कळ पाहुण्यांच्या गप्पा ऐकल्या आहेत, बघितला मात्र एकही नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कारागिरांनी लोखंडी नळ्या वाकवल्या, जोडल्या, वर पांढरा रंग दिला, खाली चार चाकं लावली आणि मागच्या दोन चाकांना ब्रेक बसवले. त्या ब्रेकचा मला फार अभिमान आहे. ते लावले की मी जागची हलत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला माझ्याकडून तेवढंच हवं असतं. हिंगोलीच्या एका दुकानात मी बराच काळ मागच्या कोपऱ्यात धूळ खात होते. मग वसमतच्या अमृतरावांचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी त्यांच्या घरी गेले. ते मला 'माझी गाडी' म्हणायचे. असा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही. ते काठी धरून चालायला लागले तेव्हा सगळ्या घराला आनंद झाला, मलाही झाला, आणि त्याच संध्याकाळी मी माळ्यावर गेले. माणूस बरा झाला तरी आम्ही माळ्यावर, आणि माणूस गेला तरी माळ्यावर. त्यात रागावण्यासारखं काही नाही, पण एकटं वाटतं खरं.

पुढे घरोघरी जाऊन आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी एक संस्था हिंगोलीत निघाली. अमृतरावांच्या सुनेने मला त्यांना देऊन टाकलं. संस्थेने माझी चाकं बदलली, ब्रेक घट्ट केले, आणि माझी रवानगी जवळा बाजार या गावी पद्माबाईंकडे झाली.

पद्माबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून मुलाला शिकवलं होतं. त्यांचे यजमान जळबा कधीच वारले होते. मुलगा रत्नपाल पुण्याला मोठ्या नोकरीत. पद्माबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तो त्यांना पुण्याला घेऊन गेला, पण उंचावरच्या त्या घरात त्यांचा जीव रमेना. शेवटी त्या परत आल्या. रात्री शेजारच्या भिकाबाई सोबतीला झोपत, आणि दिवसा संस्थेची मिना येई.

मिना जवळच्या एका तांड्यावरची. संस्थेत शिकून, परीक्षा देऊन आलेली. आली की आधी साबणाने हात धुणार, हातमोजे चढवणार, माझे दोन्ही ब्रेक लावून मला एकदा हलवून बघणार आणि मगच पद्माबाईंना उठवणार. त्या माझ्यावर बसल्या असताना कोणी हाक मारली तरी ही जागची हटायची नाही. मी बरीच माणसं बघितली आहेत, मित्रांनो. नेम पाळणारी थोडी असतात, आणि कोणी बघत नसताना पाळणारी त्याहून थोडी. मिना त्यांतली होती.

तरीही त्या खोलीत काहीतरी बिनसलं होतं, आणि ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी एकदा माझा उपयोग व्हायचा. त्यानंतर दिवसभर माझी बादली कोरडी.

कारण असं, की पद्माबाई पाणीच पीत नव्हत्या. मिना पेला भरून पुढे करायची. पद्माबाई म्हणायच्या, "ठिव तिथं. पिते मंग." मिना कपडे धुवायला मागे गेली की त्या चांगल्या हाताने पेला उचलायच्या आणि खिडकीच्या गजांमधून बाहेर ओतून द्यायच्या. खाली कढीपत्त्याचं झाड होतं. सगळं जवळा बाजार उन्हाने करपत असताना ते झाड मात्र मजेत वाढत होतं. पद्माबाईंचे ओठ सुकलेले असायचे. ओतताना त्या पाण्याकडे बघत राहायच्या, ते मला बघवायचं नाही. तहान त्यांना होती, मित्रांनो. चांगली होती.

एकदा मिनाने ते बघितलं. ती दारात ओले कपडे घेऊन उभी होती आणि पद्माबाईंचा हात खिडकीबाहेर होता. मला वाटलं, आता ही बोलेल, आता सगळं सुटेल. पण मिनाचा चेहरा उतरला. ती काही न बोलता मागे फिरली आणि कपडे वाळत घालायला गेली. त्या दिवसापासून ती पेला हातात देईनाशी झाली, गुपचूप खिडकीशी ठेवायची. एका खोलीत दोन बायका, दोघी मनातून दुखावलेल्या, दोघी गप्प, आणि मधे मी. मला तोंड असतं तर मी पहिल्याच दिवशी बोलले असते.

अशातच संस्थेच्या सपना मॅडम तपासायला आल्या. त्यांनी औषधं बघितली, पद्माबाईंची पाठ बघितली, माझे ब्रेक ओढून बघितले. मग माझं झाकण उघडलं.

"मिना, इतकी स्वच्छ खुर्ची मी कुठंच बघितली नाही," त्या म्हणाल्या. "शाब्बास."

तिथूनच त्यांनी रत्नपालला फोन लावला आणि काळजी करू नका म्हणून सांगितलं. पद्माबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मिना खाली बघत होती. सगळ्यांनी मला नावाजलं आणि मला रडू येत होतं. मी स्वच्छ नव्हते हो, मी रिकामी होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, बाजाराच्या दिवशी भर दुपारी पद्माबाई भलतंच बोलायला लागल्या. मिनाला त्या आपली मेलेली सासू समजल्या. अंग तापलेलं, जीभ लाकडासारखी. मिनाने सपना मॅडमना फोन केला आणि गाडी बोलावून त्यांना हिंगोलीला दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी सांगितलं, अंगात पाणीच उरलेलं नाही, लघवीच्या जागी जंतू झाले आहेत, अजून उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की त्यांना दवाखान्यात नेलं आहे आणि घराला कुलूप लागलं आहे. खिडकीतून ऊन यायचं, पलंगावर पडायचं आणि निघून जायचं. चादर विस्कटलेली तशीच होती. पूर्वी माळ्यावर मी एकटी राहिले होते, पण तिथे मला कोणाची वाट बघायची नव्हती. या वेळी होती. बाहेर पावलं वाजली की मला वाटायचं, त्या आल्या. आणि मग वाटायचं, आल्या तरी काय? पुन्हा पाणी ओतून देतील. दुसऱ्यांदा काही त्या दवाखान्यातून परत यायच्या नाहीत.

शेवटी एका सकाळी कुलूप उघडलं. रत्नपालने आईला उचलून पलंगावर ठेवलं. सपना मॅडम बरोबर होत्या. मिना दारातच थांबली, कारण रत्नपालने तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

"माय, खरं सांग," तो म्हणाला. "ही तुला पाणी देत नव्हती ना? उद्यापासून हिला बंद करतो."

पद्माबाईंचा आवाज बारीक झाला होता. "देत व्हती. येळच्या येळी देत व्हती. म्याच खिडकीतून वतून देत व्हते."

"काहून?"

"तुह्या आज्यानं गावातली मेलेली ढोरं वढायचं सोडलं, ठावं हाय ना तुला? गावानं पाणी तोडलं. आमी बाया कोसभर घागरी वाहून राहिलो, पर पुन्हा गावाची घाण उचलली न्हाई. आन् आता म्या हितं पडून या पोरीला म्हनू, घे, माही घाण उचल? पाणी पिलं की उठावं लागतं. न्हाई पिलं तर कोनाला तकलीफ न्हाई."

सपना मॅडमनी हळूच विचारलं, "मिना, आजी पाणी ओततात हे तुला माहीत होतं?"

"व्हय, मॅडम. दिसलं व्हतं."

"मग मला कळवलं का नाहीस? शिकवलं होतं ना?"

मिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय कळवू, मॅडम? आधीच्या घरी म्हातारीचं समदं मी करायची, पर मला सैपाकघरात पाय ठेवू देत नव्हते. संडासचं काम करते म्हणून पाणी तिला दुसऱ्याच्या हातचं लागायचं. मला वाटलं, इथंबी तेच हाय. माझ्या हातचं पाणी आजीला चालत नसंल."

पद्माबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मी त्यांचा चेहरा रोज बघत होते, पण असा कधी बघितला नव्हता.

"हातचं पाणी न्हाई घेतलं म्हंजे मानसाला काय व्हतं, ते मला कोनी सांगायला नगं," त्या म्हणाल्या. "म्या तेच तुला दिलं व्हय, पोरी?"

मिनाने डोळे पुसले.

"आन इकडं पाणी. तुह्या हातानं दे."

मिना आधी मोरीकडे वळली. पद्माबाई म्हणाल्या, "राहू दे, तसंच दे."

"न्हाई आजी. हात धुऊनच. नेम हाय तो." साबण लावता लावता ती पुढे म्हणाली, "तुमच्या सासऱ्याला कोनी हातमोजे दिले व्हते का? न्हाई म्हनायची सोय व्हती का? मला हाय. मी उद्या काम सोडू शकते. तरी रोज येऊन राहिले ना मी?"

तिने पद्माबाईंच्या मानेखाली हात घातला, त्यांना नीट बसवलं आणि पेला ओठांना लावला. पद्माबाई घोट घोट करत सगळा पेला प्यायल्या. रत्नपाल उठून मिनाजवळ गेला आणि म्हणाला, "चुकलं माझं, ताई." सपना मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"खुर्ची स्वच्छ आहे म्हणून मी शाबासकी देऊन गेले," त्या म्हणाल्या. "कोरडी का आहे, हे विचारलंच नाही." तेव्हापासून त्या कुठल्याही घरी गेल्या की आधी माणसाशी एकट्याने बोलतात आणि वस्तू मग तपासतात.

त्या दुपारी पद्माबाईंनी हाक मारली. "मिना, मला ने."

एवढंच. पण ते त्यांनी आजवर कोणाला म्हटलं नव्हतं. रत्नपाल बाहेर गेला. मिनाने पडदा ओढला, माझे दोन्ही ब्रेक लावले, मला हलवून बघितलं आणि पद्माबाईंना अलगद माझ्यावर बसवलं. पद्माबाईंनी तिचा खांदा धरला होता. लाजेने त्यांनी डोळे मिटून घेतले, पण खांदा सोडला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि 'मला तहान नाही' म्हणत असेल, तर ते लगेच खरं धरू नका. हात धुवा, जवळ बसा, आपल्या हाताने पाणी द्या, आणि 'आता संडासला घेऊन जाऊ का?' हेही तुम्हीच आधी विचारा. ती पाळी त्यांच्यावर येऊ देऊ नका. ती माणसं लाजून तहानलेली राहतात, आणि आपण खोली किती स्वच्छ आहे म्हणून खूश होतो.