बेरजेत न आलेली मासळी

माझ्या धाकट्या लेकाने, विनीतने, क्रेडिट कार्डावर काय काय घेतलं त्याची यादी मी देत नाही. त्यात डोक्याला मालीश करणारं एक यंत्र होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. ते कर्ज फेडायला माझ्या धाकट्या सुनेने, दर्शनाने, आपल्या पाटल्या पतपेढीत गहाण टाकल्या. मुदत दहा एप्रिल. चौदाला जयंतीसाठी गावी मुंबईहून मोठी सून नंदा येणार. माझ्या सासूबाईंच्या पाटल्या धाकटीला गेल्या, हे नंदा अजून विसरलेली नाही. तिची नजर आधी मनगटावर जाते, मग तोंडाकडे.

जानेवारीत दर्शनाने मोबाइलवर फुकट मिळणारं हिशेबाचं शीट उघडलं आणि आम्हा तिघांच्या फोनवर घेतलं. ज्याने खर्च केला त्याने त्याच दिवशी लिहायचा. बेरीज आपोआप होते आणि तळाला शिल्लक दिसते.

"आई, तुम्हाला जमेल ना?"

"चौतीस वर्षं हजेरीपत्रक भरलंय गो मी."

जमलं. पण नुसता आकडा लिहायचा मला जिवावर यायचं. माझ्या लग्नाच्या वर्षी मासळीवाल्या हौसाची सासू रुपयाला वीस बांगडे द्यायची आणि वर एक मांजरीसाठी टाकायची. आता हौसा शंभराला चार देते आणि मांजरीचं नाव काढत नाही. हे सगळं नुसत्या शंभरात कुठे येणार? म्हणून मी आकड्याच्या चौकटीत नीट लिहायची, ‘हौसाकडून चार बांगडे, शंभर रुपये. लहान निघाले. तिच्या मुलीला दिवस गेलेत.’ चौकट एवढीशी, त्यात ‘हौसाक’ एवढंच दिसे. दर्शना बघायची फक्त तळाची शिल्लक. खात्यात खरोखर किती आहेत हे विनीत कधीच बघत नाही. बघत असता तर ही वेळच आली नसती.

एप्रिलात शिल्लक अठ्ठावन्न हजारांवर गेली आणि पतपेढीला तेवढेच द्यायचे होते. आम्ही तिघं गेलो. काउंटरवर स्नेहल, माझी एकेकाळची चौथीतली विद्यार्थिनी. विनीतने ऐटीत फोन काढला आणि त्याचा चेहरा उतरला. खात्यात एक्केचाळीस हजार.

"सतरा हजार गेले कुठे?" दर्शना पांढरीफटक पडली.

स्नेहलने फोन मागून घेतला आणि चौकटींवर बोट ठेवत गेली. "बाई, हे शीट फक्त आकडे मोजतं. शब्द लिहिले की ती चौकट बेरजेत धरतच नाही."

"म्हणजे? पाच हजारांची मासळी खाल्ली ना आपण!" मी म्हटलं.

"ती त्याच्या हिशेबी तुम्ही खाल्लीच नाहीत. आणि हे बघा." स्नेहल खणखणीत वाचू लागली. तसं वाचायला तिला मीच शिकवलं होतं. "‘विनीतने गावातल्या प्रथमेशला क्रिकेट टीमच्या टी-शर्टांसाठी बारा हजार दिले. मला म्हणाला, दर्शनाला सांगू नको. म्हणून सांगत नाही, इथे लिहून ठेवते.’"

मागची रांग खो खो हसली.

"आई, ते शीट तिचंच आहे!"

"मग? मी तोंडाने कुठे बोलले?"

"अहो," दर्शना शांतपणे म्हणाली, "टीमचा कप्तान कोण?"

"मीच. अनुभवी माणूस लागतो गो."

"सेहेचाळिसाव्या वर्षी? लावा फोन."

प्रथमेश म्हणाला, "विनीतदा, टी-शर्ट उद्या छापायला जातायत. पण पैसे परत घेतलेस तर कप्तान कोण?"

विनीतने दर्शनाकडे पाहिलं. "तूच हो मेल्या."

"बरं!" प्रथमेश इतक्या तत्परतेने म्हणाला की विनीतला तेच जास्त लागलं. मिनिटभरात बारा हजार आले. राहिलेले पाच माझ्या जिभेचे. ते मी समोरच्या एटीएममधून माझ्या पेन्शनमधून काढून आणले. नाही तर हौसाच्या टोपलीवर बंदी आली असती.

पाटल्या हातात आल्या. दर्शनाने त्या तिथेच चढवल्या आणि दोन्ही मनगटं उजेडात फिरवून बघितली. मग आपला फोन काढला.

"आई, आज घरी जाऊन मी जानेवारीपासूनची एकेक चौकट उघडून वाचणार आहे."

ती पुढे गेली. विनीतने माझा दंड धरला. "आई, आणखी काय काय लिहिलंयस?"

मला तर सगळं तारखेनिशी आठवत होतं.

"रिक्षा बोलाव," मी म्हटलं. "आणि पुढे बस."