गळ्याला लावलेली बाही

खोटं बोलत असेन तर माझी सुई मोडो. भर दुपारी, डोक्यावर पंखा गरगरत असताना, माझी मेलेली जाऊ शेजारच्या मशीनवर येऊन बसली.

आम्ही दोघी जावा, दोघी शिवणकाम करणाऱ्या, दोघींना डायबेटिस. चाळीस वर्षं एका खोलीत दोन मशिनी. थोरली मागच्या वर्षी गेली. इन्सुलिन टोचून घेतलं आणि म्हणाली, "एवढी बाही लावते, मग जेवते." थोड्या वेळानं मशीनवर डोकं टेकलं. मला वाटलं, डुलकी लागली. वर मी हसले तिला. ते हसू अजून घशात अडकलंय माझ्या.

तेव्हापासून तिच्या मशीनवर चादर.

आणि मी तरी काय शहाणी! ती दिसली त्या दुपारी मीही इंजेक्शन घेतलं आणि जेवायचं सोडून हातातला फ्रॉक संपवायला बसले. शेवटी जेवायला उठणार, तोच आवाज आला.

"धाकटे, उठतेस कशाला? एवढी बाही लाव की."

बघते तर थोरली. ओठांत टाचण्या तशाच. माझ्या मानेवरून घाम ओघळायला लागला, बोटं थरथरायला लागली, एका सुईच्या दोन दिसायला लागल्या. पोटात अशी आग, की ती चादरसुद्धा खाल्ली असती.

"सूनबाई! थोरली आलीय गं!"

"येऊ द्या की, आई," सून आतून म्हणाली. "परवा कपाटातून वाघ आला होता, त्याला हाकललं तसं हिलाही हाकलते."

जन्मभर थापा मारल्या, आता भोगा! "साखर आण" म्हणायला गेले, तर तोंडातून निघालं "कात्री".

बिचारी खरंच कात्री घेऊन आली. फ्रॉककडे बघितलं आणि थबकली. "आई, बाही गळ्याला लावलीत?"

चाळीस वर्षांत माझी बाही कधी बोटभरही सरकली नव्हती. सुनेनं माझ्या कपाळाला हात लावला, तो ओला झाला. झटकन माझं बोट टोचून शुगर मोजायच्या मशीनवर बघितलं. बावन्न.

"शुगर उतरलीय! गिळता येतंय ना? शुद्ध हरपली असती तर तोंडात थेंबही घातला नसता, अँब्युलन्सच बोलावली असती." पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून तिनं पेला माझ्या हातात दिला.

"पिऊ नकोस, धाकटे," थोरली म्हणाली. "मला एकटीला करमत नाही गं."

हात तिथंच थांबला माझा. त्या दिवशी हसले होते, आज नाही कसं म्हणू?

"करमवून घ्या, जाऊबाई," म्हटलं, आणि घटाघटा प्याले.

सून घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं जवळ बसून राहिली. पुन्हा टोचलं. अठ्ठ्याऐंशी. मग पुढ्यात ताट आलं. थोरली विरत गेली. शेवटी नुसत्या टाचण्या चमकल्या.

जेवण झाल्यावर सून बाही उसवायला बसली. "आई, तुमच्या मशीनला तर पांढरा दोरा आहे. ही शिलाई हिरवी कशी?"

आम्ही दोघींनी चादरीकडे बघितलं. हिरवी रिळं थोरलीची. म्हणजे तोंडानं मला ये ये म्हणत होती, आणि हातानं बाही गळ्याला लावून सुनेला हाक मारत होती.

आता साखरेचा डबा त्याच मशीनवर असतो. इंजेक्शन घ्यायच्या आधी ताट वाढून तयार. "थोरली आली" म्हटलं, की सून कात्री नाही, साखर घेऊन धावते.

चादर मात्र अजून कुणी उचललेली नाही.